खुलासा: कूलर चालू असताना खिडक्या बंद करू नका

परभणी-नांदेडकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘कूलर लावला की दारं-खिडक्या घट्ट बंद करा, टाकीत मूठभर मीठ टाका, एसीसारखा गारवा मिळेल.’ दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, त्याला बंद खोली लागते. कूलरचं तसं नाही. बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आत येते, पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खर्च होते. एका लिटरला सुमारे २४०० किलोज्यूल. पण त्याच वाफेनं खोली दमट होते. तिला बाहेर जायला वाट नसेल तर घाम वाळत नाही, अंग चिकचिकतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा, तान्ह्या लेकराचा जीव घाबरा होतो. म्हणून कूलरची पाठ मोकळ्या हवेकडे ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी. तिथं पातळ ओढणी धरून बघा. बाहेरच्या बाजूला फुगली तर हवा नीट खेळतेय.

मिठानं बाष्पीभवन उलट किंचित मंदावतं. पत्र्याची टाकी गंजते ती वेगळीच. आपल्याकडं बोअरचं पाणी आधीच जड, वाळ्यावर पांढरे थर बसतात. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, डेंग्यूच्या डासाच्या अळ्याही तिथंच वाढतात. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.