ड्रॉवर, दांडी आणि क्षीरसागर

नाशिकला वाचनालयं नवीन नाहीत. सार्वजनिक वाचनालयच १८४० सालचं. पण इथल्या कुठल्याही जुन्या ग्रंथालयात कॉलेजच्या पोराला लाकडी तालिका-कपाटासमोर, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कार्डं ठेवलेल्या कपाटासमोर, उभं करा. आधी तो फोटो काढतो, मग एक ड्रॉवर ओढतो आणि विचारतो, "काका, यात टाइप कुठे करायचं?"

टाइप नाही रे बाबा, चाळायचं असतं. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं कार्ड, खाली मधोमध भोक, त्यातून आरपार गेलेली दांडी. वाचकाने कार्ड खिशात घालू नये म्हणून ती दांडी. तरी काही बहाद्दर भोकापासून फाडून न्यायचेच. मग पुस्तक कपाटात सुखरूप, पण यादीतून कायमचं परागंदा. नवी कार्डं ओवताना दांडी काढली, परत घालायची राहिली आणि ड्रॉवर तिरका झाला, की हजारेक कार्डं फरशीवर. पुढची दुपार मुळाक्षरं लावण्यात जाते.

देवघेवीला ब्राऊन पद्धत. सभासदाला जितकी पुस्तकं न्यायची मुभा, तितकी खिसेवाली तिकिटं. पुस्तकातलं कार्ड तिकिटाच्या खिशात सरकवायचं, ती जोडी परतीच्या तारखेमागे ट्रेमध्ये उभी करायची, पुस्तकातल्या तारीखपट्टीवर शिक्का मारायचा. वीज नको, पासवर्ड नको. फक्त जोडी चुकून भलत्या तारखेमागे गेली, की परत आणलेलं पुस्तक टेबलावर, सभासद काउंटरवर आणि तिकीट अज्ञातवासात.

आता शिक्क्याच्या जागी थर्मल पावती आली. त्या कागदावर शाई नसतेच. उष्णतेने काळं होणारं रसायन असतं. ऊन लागलं किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात राहिली की अक्षरं उडतात. पावती कोरी होते, दंड कोरा होत नाही.

पण खरी धमाल मराठी ग्रंथांच्या याद्यांची. ग्रंथालयांत संगणक शिरले तेव्हा मराठी युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारे अक्षरांचे समान संकेत, रुळलेलं नव्हतं. ज्याने जो फॉन्ट घेतला, त्यात नोंदी झाल्या. फॉन्ट गेला, आणि मागे उरल्या अगम्य चिन्हांच्या रांगा. त्या युनिकोडमध्ये आणायला गेलं तर आणखी गंमत. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली, युनिकोडला ती नंतर हवी; रफाराचं नेमकं उलट. कच्चा कन्व्हर्टर दोन्ही जिथल्या तिथे ठेवतो, म्हणून 'कविता'ची 'किवता' होते आणि 'धर्म'चा 'धमर्'. अशा यादीत कवितासंग्रह शोधणाऱ्याला नुसती रसिकता पुरत नाही.

त्यात आडनाव क्षीरसागर असेल तर बघायलाच नको. आपल्या जुन्या क्रमात क्ष आणि ज्ञ सर्वांत शेवटी, म्हणजे तळाचा ड्रॉवर. संगणकाला मात्र क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. नुसत्या संकेतांच्या क्रमाने लावलं तर तो क्षीरसागरांना कौ संपल्यावर क च्याच शेपटाला बांधतो. शिवाय शोधचौकटीत वेलांटी ऱ्हस्व पडली की बऱ्याच प्रणाली 'नोंद आढळली नाही' म्हणून मोकळ्या. कार्डं चाळणाऱ्या बोटांना शुद्धलेखन आलं नाही तरी चालत असे. माझं तर मत आहे, तो ड्रॉवर संगणकाहून जास्त समजूतदार होता.

आणि ज्या सीडीने कार्डांना म्हातारं ठरवलं, ती पुस्तकाच्या शेवटच्या पानाच्या खिशात अजून बसलेली असते. लॅपटॉपला आता खाचच नाही. पण पुस्तकाबरोबर तिचीही दाखल नोंद असल्यामुळे ती घरी न्यावी लागते आणि न लावता परत आणावी लागते. काउंटरवर पुस्तक उलटं करून विचारतात,

"सीडी आहे ना?"

"आहे. पण ती चालते का हो?"

"ते नका विचारू. आहे ना? मग झालं."