मागं १५० बसतंय काय?

रविवारी सकाळी भाच्याचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट बाईकच्या टायरचा प्रश्न. "मामा, मागं १५० टाकलं तर बसतंय काय?"

"बसतंय की. पण कशाला?"

"मागनं लई भारी दिसतंय."

निदान खरं तरी बोलला. बाकीचे सगळे मला 'ग्रिप वाढती' म्हणून सांगतात.

पोरानं गेल्या महिन्यात यामाहाची सेकंडहँड आर१५ बाईक घेतली, व्हर्जन ३. टायर संपलेत हे त्याला घरी आणल्यावर कळलं. सेकंडहँड गाडी बघताना आपण टाकी थोपटतो, सायलेन्सरचा आवाज ऐकतो आणि टायरला एक लाथ मारतो. त्या लाथेतून नेमकं काय कळतं ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. तर फोनवर चाळीस मिनिटं गेली. शेवटी बायको म्हणाली, "एवढं बोलण्यापेक्षा एकदा लिहून का टाकत नाही?" म्हणून ही पोस्ट. मोठी आहे. ज्यांना फक्त 'कुठला टायर घेऊ' एवढंच विचारायचंय त्यांनी हवं तर आत्ताच सोडावी.

मी मेकॅनिक नाही आणि रेसर तर अजिबात नाही. शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपला क्वालिटीत आहे, म्हणजे दिवसभर हातात व्हर्निअर आणि तोंडात 'रिजेक्ट'. गाडी आर१५ च, २०१८ ची. तेव्हा हिला एबीएस नव्हतं, ते पुढच्या वर्षी आलं. म्हणजे ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होणार की नाही हे माझी बोटं आणि टायर मिळून ठरवतात, तिसरं कुणी मदतीला नाही.

आधी त्या १५० चं मिटवू. कंपनी या गाडीला मागं १४०/७० आर१७ देते. १४० ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे त्या रुंदीच्या ७० टक्के टायरची उंची. १७ म्हणजे रिमचा व्यास, इंचांमध्ये. १४० चे ७० टक्के झाले ९८. पोरं टाकतात तो बहुतेक १५०/६०, त्याची उंची ९०. म्हणजे टायर रुंद झाला आणि ८ मिलिमीटर बुटका झाला. गाडीचं बूड तेवढं खाली बसलं. बूड बसलं की पुढचं चाक धरणारा फोर्क थोडा जास्त तिरका होतो आणि गाडी वळणात घालायला जोर लागतो. बाबांनो, ही गाडी आपण घेतली कशासाठी? मायलेजसाठी तर नक्कीच नाही. ती मनात आलं की वळते म्हणून घेतली, आणि चार हजार घालून तीच गोष्ट आपण काढून टाकतो.

वर रिम तीच. रुंद टायर जुन्या रिमवर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत ओढल्या जातात आणि पाठ नको तेवढी गोल होते. दहा नंबरचा पाय आठ नंबरच्या पायताणात कोंबल्यावर जसा दिसेल तसा. सरळ चालताना रस्त्याला टेकणारा पट्टा मग रुंद होण्याऐवजी अरुंदच होतो. टायर वजनाला जास्त ते वेगळंच. १५५ सीसी आणि एकोणीस घोडे. त्या बिचाऱ्या एकोणीस घोड्यांना आणखी किती ओढायला लावायचं?

ग्रिप येते ती रबराच्या मिश्रणातून, टायर किती जुना आहे त्यातून आणि आत हवा किती आहे त्यातून. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. करूळ घाटात शिकलोय.

२०२२ चा श्रावण. सासुरवाडी वैभववाडीकडची, त्यामुळं गगनबावड्यावरून घाट उतरायचा. पाऊस म्हणजे तिकडचा पाऊस, हेल्मेटच्या काचेवर बादल्या ओतल्यासारखा. स्पीड तीसच्या आत. डावं वळण, मी मागचा ब्रेक हलका टेकवला आणि मागचं चाक असं सरकलं की कुणी शेपटी धरून ओढावी. घाबरून पुढचा दाबला. पुढचं गेलं की आवाजसुद्धा येत नाही. गाडी आडवी आणि मी तिच्या मागून रेनकोटवर घसरत गटारीपर्यंत. लागलं फार नाही, क्लच लिव्हर मोडला, गुडघा चार दिवस सुजला. मागून येणारी एसटी थांबली. ड्रायव्हर उतरले, मला उठवलं, गाडी उभी करायला हात लावला. मी आपला म्हणतोय, "डिझेल सांडलंय बहुतेक." त्यांनी रस्त्यावरून बूट घासून बघितला, मग वाकून मागच्या टायरवर अंगठ्याचं नख दाबलं. "डिझेल न्हाई ओ. टायर बघा तुमचा."

सोमवारी गाडी कंपनीत नेली आणि जेवणाच्या सुट्टीत व्हर्निअरची मागची काडी टायरच्या खाचेत घातली. मध्यभागी १.१ मिलिमीटर. कडेला ३.४. म्हणजे हायवेवर सरळ चालून चालून टायरची पाठ सपाट झाली होती आणि दोन्ही बाजूंना खांदे निघाले होते. असा टायर वळणात झुकताना गोल फिरत नाही, त्या खांद्यावरून एकदम पलीकडे पडतो. गंमत म्हणजे मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या खाचेला किमान ०.८ मिलिमीटर लागतं. म्हणजे माझा टायर कायद्यानं पास! आमच्या क्वालिटीच्या भाषेत टॉलरन्समध्ये. पण खाचेचं काम पाणी बाहेर काढायचं, आणि १.१ मिलिमीटरच्या खाचेतून गगनबावड्याचा पाऊस बाहेर निघत नाही.

खरा धक्का मात्र पुढं होता. टायरच्या बाजूला एका लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वर्षातला आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. माझ्यावर होतं ०९१७. २०१७ चा नववा आठवडा. तो टायर मी २०२० मध्ये 'नवीन' म्हणून बसवला होता! दुकानदारानं पाचशे रुपये कमी केले म्हणून खूश होऊन आलो होतो. म्हणजे गाडीला लागला तेव्हाच त्याचं वय तीन वर्षं होतं, आणि पडलो तेव्हा पाच उलटून गेली होती. दुकानाच्या माळ्यावर, पत्र्याखाली, कोल्हापूरचे तीन उन्हाळे काढलेलं रबर. वर नख दाबलं तर खूण उमटत नव्हती. दुकानदाराला काय बोलणार? त्यानं फसवलं नाही, मी विचारलंच नाही.

हवेचं पण माझंच. पंपावर 'टाईट मार' म्हणायची सवय, का तर मायलेज मिळतं. गाडीच्या पुस्तकात एकट्यासाठी पुढं २९, मागं ३३ पीएसआय लिहिलंय, तेही टायर थंड असताना. माझ्यात किती होती ते देव जाणे. आता स्वतःचा गेज आहे, डिकी नसल्यामुळं सॅकमध्ये असतो. पंपावरच्या मीटरशी ताडून बघा एकदा, करमणूक होईल.

तर भाच्याला मी उलटा प्रश्न विचारला, तू गाडी चालवतोस कुठं? त्याच्या डोक्यात यूट्यूबवरची गुडघा घासणारी पोरं. प्रत्यक्षात तो रोज कागलहून कोल्हापूरला येतो, हायवेनं, नाकासमोर. महिन्यातून एकदा पन्हाळा, वर्षातून दोनदा आंबोली. जून ते सप्टेंबर पाऊस. आणि दिवाळीनंतर आपल्याकडं जो ऋतू सुरू होतो तो कुठल्याच टायर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नाही, गळीत हंगाम. डबल ट्रॉलीतून पडलेली उसाची कांडी, त्यावरून शंभर चाकं जाऊन झालेला चिकट चोथा, सुकलेला पाला आणि शेतातून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरनं रस्त्यावर आणून टाकलेली काळी माती. सकाळच्या दवात ती माती म्हणजे लोणी. तिथं मिशेलिन काय आणि पिरेली काय, सगळे हात जोडतात. तिथं फक्त ॲक्सिलरेटर सोडून सरळ जायचं.

आता या रस्त्यांना एकदम मऊ, रेसकडं झुकणारा टायर घेऊन काय होणार? त्या रबराला काम करायला गरम व्हावं लागतं. कागल ते कोल्हापूर सरळ रस्त्यात आणि सिग्नलला त्याच्या कडा गरम होतच नाहीत, मधला भाग मात्र पेन्सिलच्या खोडरबरासारखा झिजतो. दहा-बारा हजार किलोमीटरमध्ये पाठ सपाट, म्हणजे फिरून माझ्या करूळच्या टायरपाशीच, फक्त दुप्पट पैसे घालून. आपल्याला हवा तो मध्ये जरा टणक आणि कडेला मऊ, खाचा मध्यापासून कडेपर्यंत गेलेल्या, आणि मिश्रणात सिलिका असलेला. सिलिकावाला टायर ओल्या आणि गार रस्त्याला चांगला धरतो. हे सगळं देणारे देशी टायरसुद्धा आता मिळतात.

कडेचा न झिजलेला पट्टा, ज्याला पोरं 'चिकन स्ट्रिप' म्हणतात, म्हणजे गाडी झुकवायला घाबरल्याची खूण, त्याची लाज वाटून पॉलिश पेपरनं घासणारा एक महाभाग मी स्वतः बघितलाय. नाव सांगत नाही, तो ही पोस्ट वाचणार आहे.

पुढच्या टायरबद्दल मात्र मी हट्टी आहे. लोक मागचा दोनदा बदलतात तेव्हा पुढचा एकदा बदलतात, कारण तो झिजलेला दिसत नाही. झिजत नसला तरी म्हातारा होतोच की. ब्रेक मारला की गाडीचं सगळं वजन पुढं येतं, आणि माझ्यासारख्या बिनएबीएसवाल्याचा जीव त्या १०० मिलिमीटरच्या टायरवर असतो. एकाच टायरचे पैसे खिशात असतील आणि दोन्ही साधारण सारखेच जुने असतील, तर मी पुढचा घेईन. मागचा घसरला तर गाडी सावरायला निदान एक क्षण मिळतो. पुढचा गेला तर तो क्षणही नसतो.

आकड्यांमधलं आणखी एक बघायचं. १४०/७० च्या पुढं आर असेल तर रेडियल, नुसता डॅश असेल तर साधा, म्हणजे आडव्या-तिडव्या धाग्यांचा. रेडियलची बाजू लवचिक, तो गरम कमी होतो, खड्ड्यातून बरा जातो. मागं रेडियल आणि पुढं साधा ही जोडी कंपनीच देते, त्यात वावगं काही नाही. उलटी जोडी, पुढं रेडियल आणि मागं साधा, करू नका. पण आर नाही म्हणजे टायर हलक्या दर्जाचा असंही नाही. पिरेलीच्या डायब्लो रोसो स्पोर्टच्या लहान साइजवर डॅशच आहे, आणि तो चिकटत नाही असं अजून कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. शेवटी ६६ एच सारखं काहीतरी असतं. ६६ म्हणजे तो टायर ३०० किलो पेलतो, एच म्हणजे २१० च्या स्पीडपर्यंत चालतो. आर१५ ला २१० हे स्वप्नातच, त्यामुळं एच ऐवजी १८० चा एस मिळाला म्हणून दुकानात भांडण काढू नका. वजनाचा आकडा मात्र कंपनीपेक्षा खाली नको.

ब्रँडचं थोडक्यात, कारण त्यावरून कमेंटमध्ये मारामाऱ्या होणारच आहेत. माझ्या गाडीला सध्या मिशेलिन पायलट स्ट्रीटची जोडी आहे, मागं रेडियल. दोन पावसाळे झाले, तक्रार नाही. एमआरएफ, अपोलो, सिएट, टीव्हीएस युरोग्रिप यांतलं कुठलंही त्या साइजमध्ये ताजं मिळालं तर मी डोळे झाकून घेईन. दोन वर्षं माळ्यावर पडलेला इंपोर्टेड टायर फुकट दिला तरी नको.

बसवताना तिथंच उभे राहा. चहाला जाऊ नका. टायरवर बाण असतो, चाक फिरतं त्या दिशेला तो हवा. माझा एकदा उलटा बसवला होता, नुसतं बोट दाखवल्यावर पोरानं जीभ चावली आणि परत काढला. पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर घ्यायला सांगा, व्हॉल्व्ह नवीन घाला, पन्नास-शंभर रुपयांसाठी जुना ठेवू नका. आणि पहिले शंभर-दीडशे किलोमीटर टायर नवरदेवासारखा गुळगुळीत असतो हे लक्षात ठेवा. माझा एक मित्र नवे टायर घालून दुकानाच्या दारातच पडला. दोघं-तिघं हसले, त्यात मीही होतो.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, "म्हणजे १४० च?" मी म्हटलं, "१४० च." थोडा हिरमुसला. संध्याकाळी परत फोन, दुकानातून. मागं कंप्रेसरचा आवाज.

"मामा, टॉर्च मारून बघितलं. २३२२ हाय."

"सोड."

"पण आठशे रुपये कमी करतोय म्हणतोय."

"का करतोय ते विचार त्याला."

पलीकडं बराच वेळ नुसता कंप्रेसर. मग तो कुणालातरी म्हणाला, "काका, माळ्यावरचा नको, परवाच्या गाडीतनं आलाय म्हणालात तो दाखवा."