फुग्याने टेनिस बिघडत नाही हो!

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवड्यात तीनदा येऊन गेलेला फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेलच. म्हणे पोरांना फुगे अन् फोमचे बॉल देणं म्हणजे परदेशी फॅड, पाचव्या वर्षीच खरी रॅकेट, खरा बॉल, फुल कोर्ट द्या, नाहीतर हाताला चुकीचं वळण लागतं, टेनिस चॅम्पियन आंद्रे अगासीच्या वडलांनी बघा पाळण्यापासून सुरुवात केली. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

आधी तो खरा बॉल बघू. नियमाप्रमाणे पिवळा बॉल २५४ सेंमीवरून सोडला की १३५ च्या वर उसळायलाच हवा. आता सहा वर्षांचं पोर स्वतःच ११५ च्या आसपास, म्हणजे बॉल थेट डोक्यावरून, मग ते एकतर मागेमागे पळत जातं नाहीतर मनगट वाकडं करून कपाळासमोर रॅकेट फिरवतं, चुकीचं वळण लागतं ते इथे! लहान पोरांसाठीचा मऊ लाल बॉल तेवढ्याच उंचीवरून मीटरभर उसळतो, हाताच्या टप्प्यात येतो.

फुल कोर्ट २३.७७ मीटर, लाल बॉलवाल्यांचं ११. पोराला नेटपलीकडे पोचवतानाच दम लागला तर खेळणार काय? आणि फॅड म्हणताय ते २०१२ पासून आंतरराष्ट्रीय टेनिस फेडरेशनच्या नियमातच आहे, दहा वर्षांच्या आतल्या स्पर्धांत पिवळा बॉल चालतच नाही.

अगासीचं तर हसूच आलं. वडलांनी पाळण्यावर बॉल टांगले होते, हाताला टेबल टेनिसची बॅट बांधली होती, म्हणजे सुरुवात सोप्या खेळानेच की! पुढचा बळजबरीचा सराव वेगळा, आणि आपल्याला टेनिसचा तिटकारा होता हे त्याने स्वतःच सांगितलंय, ते फॉरवर्डमध्ये सोयीस्कर गायब.

आता फुगा. माझी भाची साडेचार वर्षांची, कागदी प्लेटला मागून फूटपट्टी चिकटवली, दोन खुर्च्यांना ओढणी बांधली की झालं नेट. पहिल्या दिवशी समोर उभी राहून नुसती थापट्या मारत होती, दुसऱ्या संध्याकाळी फुगा वर गेला की आपोआप आडवी वळायला लागली, एक पाय मागे, कुणी सांगितलं नव्हतं. फुगा हळू उतरतो ना, त्यामुळे बघायला, पाय हलवायला, हात मागे न्यायला वेळ मिळतो, फुग्याऐवजी बॅडमिंटन द्यायचं म्हटलं तर शटल तोवर जमिनीवर. शिवाय बॅडमिंटनचं नेट १.५५ मीटर, भाची अजून जेमतेम मीटरभर. बॅडमिंटनच्या जागतिक संघटनेचा शाळांसाठीचा 'शटल टाइम' कार्यक्रम आहे ना, त्यातही सुरुवातीला फुगे आहेत.

एक मात्र मान्य, फुग्यावरच वर्षानुवर्षं अडकून पडलं तर उपयोग नाही. लाल, मग ऑरेंज, मग हिरवा असा क्रम आहे, हिरवा पिवळ्यापेक्षा साधारण २५ टक्के स्लो. नऊ-दहाचं रोज खेळणारं पोर अजून लालवरच असेल तर कोचला जाऊन विचारा, पुढचा बॉल कधी देताय म्हणून.