वॉल्यूम पेडल खरखरतंय म्हणून लगेच डब्ल्यूडी-४० मारू नका राव

गिटारचा आवाज पायाने कमीजास्त करायचं वॉल्यूम पेडल वापरणाऱ्यांमध्ये एक मेसेज परत फिरायला लागलाय. "वॉल्यूम पेडल खरखरतंय? फटीतून डब्ल्यूडी-४० मारा, दोरीला शिलाई मशीनचं तेल लावा, तरी थांबलं नाही तर पॉट गेला, नवीन २५० के टाका." (पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, पेडलच्या आतला फिरवून आवाज कमीजास्त करणारा भाग; ट्रॅक म्हणजे त्याच्या आतली पट्टी; आणि २५० के म्हणजे त्याचा रोध, २५० किलोओहम.)

आधी स्प्रेचं बघू. मारल्या मारल्या खरखर थांबते हे खरंय, आणि तिथंच लोक फसतात, कारण त्यातलं सॉल्व्हंट पॉटच्या ट्रॅकवरची घाण तेवढ्यापुरती सरकवतं पण ते उडून गेलं की मागे तेल उरतं, आणि पेडल म्हणजे चपला-बुटांखालची वस्तू, त्या तेलावर धूळ बसणारच, वर पॉटमधलं मूळ ग्रीस धुऊन निघतं ते वेगळंच. (त्याच कंपनीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा येतो, पण मेसेजवाल्याला तो नेहमीचा निळा-पिवळा डबाच म्हणायचाय.) पॉटसाठी फेडरचं (मिक्सरवरच्या सरकत्या बटणांचं), वंगण असलेलं क्लीनर घ्या, डीऑक्सिटचं एफ-५ वगैरे. डी-५ असेल तर ते केबल खुपसतो त्या जॅकला वापरा. आणि फटीतून अंदाजपंचे नाही, तळ उघडून पॉटच्या पायांजवळच्या खाचेत नळी धरून एकच छोटा फवारा, मग पेडल भरपूर वरखाली करा.

मोर्लेच्या ऑप्टिकल पेडलवाल्यांनी तर हे सोडूनच द्या, तिथं आवाज प्रकाशावर कमीजास्त होतो, खरखरायला ट्रॅकच नाही.

दोरीला तेल? अर्नी बॉल व्हीपी ज्युनिअरमध्ये दोरी पॉटच्या दांड्यावरच्या पुलीला गुंडाळलेली असते आणि स्प्रिंग तिला ताणून धरते, म्हणजे सगळा खेळ पकडीचा. तेल लावलं की घसरणार, मग टाच पूर्ण दाबली तरी आवाज बंद होणार नाही. दोरी कोरडीच ठेवा, धागे सुटले असतील तर बदला.

आता "पॉट गेला". पॉट झिजतो, मान्य. पण एकापुढे एक जोडलेल्या पेडलच्या साखळीत आधीच्या पेडलचा आउटपुट कपॅसिटर (डीसी अडवणारा भाग) गळत असेल तर पॉटवर डीसी, म्हणजे एकाच दिशेचा स्थिर विद्युतदाब, येतो आणि कोरा करकरीत पॉटसुद्धा खरखरतो. साध्या पॅसिव्ह (बॅटरी न लागणाऱ्या) पिकअपची गिटार थेट वॉल्यूम पेडलला लावून बघा ना, खरखर गायब झाली तर पॉटचा काही दोष नाही, आधीचे पेडल एकेक करून काढत जा. फुकटची टेस्ट आहे, पण ही मेसेजमध्ये नाही.

आणि सरसकट २५० के कशाला? पॅसिव्ह गिटार थेट लावणाऱ्याला ते ठीक. बफरनंतर (सिग्नल कमजोर पडू न देणाऱ्या सर्किटनंतर), बॅटरीवर चालणाऱ्या अ‍ॅक्टिव्ह पिकअपला किंवा कीबोर्डला २५ के. उलटं केलंत, म्हणजे पॅसिव्ह गिटारला २५ के, तर ट्रेबल मेलाच. पॉट ऑडिओ टेपरचाच (कानाला आवाज सारखा वाढतोय असं वाटेल असा) घ्या, लिनियर (रोध सरळ समान बदलणारा) बसवला तर टाचेकडच्या थोड्याशा हालचालीतच आवाज एकदम उसळतो आणि पुढे पाय कितीही दाबा, फारसा फरक पडत नाही. जुन्या पॉटच्या दांड्याची जाडी आणि लांबी मोजून मगच दुकानात जा, पुली बसली नाही तर सगळंच वाया.