‘आय-सेव्हनच घ्या’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

बारावीचा निकाल लागला की आणि पुन्हा चवथीच्या तोंडावर, गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एक संदेश फिरू लागतो. त्यात पाच नियम असतात. इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर नको, आय-सेव्हनच घ्या. मॉडेलचा आकडा जितका मोठा, तितकी चिप नवी. गिगाहर्ट्झ जास्त तो प्रोसेसर वेगवान. एएमडी कंपनीचा रायझेन तापतो, गोव्याच्या हवेत टिकत नाही. आणि गेम खेळायचे तर आधी प्रोसेसर तगडा घ्या, ग्राफिक्स कार्ड मागाहून बसवता येतं. ५० ते ८० हजारांच्या खरेदीत हे पाचही नियम कुठे ना कुठे खड्ड्यात घालतात.

पहिला नियम. इंटेलच्या नावात सगळ्यांत बोलकं असतं ते शेवटचं अक्षर. बाराव्या-तेराव्या पिढीत यू म्हणजे बहुतेक १५ वॉटची चिप, पी म्हणजे २८ वॉटची, एच म्हणजे ४५ वॉटची. आता आय७-१२५५यू आणि आय५-१२३५यू शेजारी ठेवा. दोन्हींत २ मोठे आणि ८ लहान कोर (चिपमधले काम करणारे भाग), दोन्हींची कॅश (चिपमधली झटपट साठवण) १२ एमबी, दोन्ही १५ वॉटच्या. फरक काय, तर आय-सेव्हनचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ, आय-फाइव्हचा ४.४, म्हणजे कागदावर जेमतेम ७ टक्के. शिवाय प्रोसेसरच्या आतल्याच ग्राफिक्सची ८० ऐवजी ९६ युनिटं. टॅली, एक्सेल आणि ब्राउझरच्या वीस टॅबमध्ये हा फरक कुणाच्या नजरेला येत नाही.

आता त्याच आय-सेव्हनसमोर आय५-१२४०पी ठेवा. मोठे कोर ४, लहान ८, आणि वीज २८ वॉट. दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला लावला, की ‘खालचा’ आय-फाइव्ह पुढे निघून जातो. कारण साधं आहे: जड काम चालू झालं की पहिलं अर्धं-एक मिनिट कुठलीही चिप ठरल्यापेक्षा बरीच जास्त वीज ओढते, मग लॅपटॉप बनवणाऱ्याने घालून दिलेल्या मर्यादेवर येऊन बसते. ही उतरंड डोळ्यांनी बघता येते. चिपची वीज आणि तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोची इन्स्टॉल न करता चालणारी प्रत आणि फाइली आवळणारं सेव्हन-झिप पेन ड्राइव्हवर घालून दुकानात न्या. सेव्हन-झिपच्या टूल्समधला बेंचमार्क (वेगाची चाचणी) पाच मिनिटं चालू ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ ही ओळ बघत राहा. सुरुवातीला ४०-५० वॉट दिसतील, मग आकडा घसरत १५, २० किंवा ३० वर थांबेल. तो थांबलेला आकडा तुमच्या कामाचा. आधीचा पाहुण्यांपुरता. एकच प्रोसेसर दोन वेगळ्या लॅपटॉपांत वेगळ्या आकड्यावर थांबतो, म्हणूनच सडपातळ बॉडीतला महागडा आय-सेव्हन पुष्कळदा पैसे वाया घालवण्याचा सोपा मार्ग ठरतो.

मोठा आकडा म्हणजे नवी चिप, हा दुसरा नियम सगळ्यांत जास्त लोकांना फसवतो. एएमडीच्या ७००० मालिकेत पहिला आकडा फक्त साल सांगतो. आतली रचना कुठल्या पिढीची आहे ते तिसऱ्या आकड्यात दडलेलं असतं. रायझेन ५ ७५२०यू मधला २ म्हणजे झेन २, २०१९ साली बाजारात आलेली रचना. ७५३०यू मधला ३ म्हणजे झेन ३. ७६४०एचएस मधला ४ म्हणजे झेन ४. नावात दहाचा फरक, पण ७५२०यू मध्ये ४ कोर आणि ४ एमबी एल-थ्री कॅश, तर ७५३०यू मध्ये ६ कोर आणि १६ एमबी. दुकानातल्या चिठ्ठीवर दोन्ही नुसत्या ‘रायझेन ५, ७००० सिरीज’ असतात. इंटेलही काही सोवळं नाही. २०२२ चा आय५-१२४५०एच, २०२३ चा आय५-१३४२०एच आणि २०२५ च्या लॅपटॉपांतला कोअर ५ २१०एच: तिघांत ४ मोठे, ४ लहान कोर आणि १२ एमबी कॅश. कमाल वेग तेवढा ४.४ वरून ४.६, मग ४.८. जुना स्वस्तात मिळत असेल आणि वॉरंटी पूर्ण असेल, तर तो घ्यायला अजिबात लाजू नये.

गिगाहर्ट्झचा नियम दोन ओळींत मोडतो. ७५२०यू चा कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ, २०२१ च्या रायझेन ५ ५६००यू चा ४.२. तरी हा जुना, ‘संथ’ ५६००यू पुढे राहतो, कारण झेन ३ एका ठोक्यात जास्त काम उरकतो आणि कोरही ४ ऐवजी ६ आहेत. गिगाहर्ट्झची तुलना एकाच रचनेच्या दोन चिपांत करावी, एरवी नाही.

चौथा नियम गोव्याच्या नावावर खपतो, म्हणून तो जरा उलगडून बघू. रायझेनच्या आधीच्या काळात, २०१७ पूर्वी, एएमडीचे लॅपटॉप तापतात ही तक्रार रास्त होती. तेव्हाची कुरकुर आजच्या चिपांना चिकटवणं चुकीचं आहे. चिप जेवढी वीज खाते तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. १५ वॉट इंटेलचे असोत की एएमडीचे, पंख्याला ते सारखेच. रायझेन ५ ७५३०यू ची तापमानाची मर्यादा ९५ अंश, आय५-१२४५०एच ची १००. मर्यादा गाठली की दोन्ही आपणहून वेग कमी करतात, जळत नाहीत. खोली २५ ऐवजी ३३ अंशांची असली, तर तेवढ्याच वॉटवर चिपही साधारण ८ अंशांनी गरम राहते. मे महिन्यात पंखा जास्त गुरगुरतो तो यामुळे, आणि तो दोन्ही कंपन्यांचा गुरगुरतो.

गोव्यात लॅपटॉप खरोखर मरतात ते धूळ, दमटपणा आणि खारी हवा यांनी. कोरडी धूळ पंख्याच्या वाऱ्याने निघून जाते. दमट धूळ हीट सिंकच्या (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पट्ट्यांच्या तोंडाशी चिकटून गोधडीसारखा थर धरते, आणि मग ४५ वॉटची चिप २० वॉटवर रांगायला लागते. पाऊस सरला की ऑक्टोबरात एकदा मागचं झाकण उघडून साफ करून घ्या: आधी बॅटरीची जोडणी काढायची, पंख्याचं पातं टूथपिकने अडवून धरायचं, आणि हवा बाहेरच्या जाळीकडून आतल्या बाजूला मारायची. पातं न अडवता ब्लोअर मारला तर पंखा भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होतं. चिप आणि हीट सिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट दोन-तीन वर्षांनी बदलायची. लॅपटॉपमध्ये चिप उघडी असते, तेव्हा मधोमध ठिपका देऊन भागत नाही, सगळी चिप पातळ थराने झाकावी लागते. किनाऱ्यालगतच्या घरांत चार्जिंग पोर्टच्या पिनांवर हिरवट थर दिसला, तर वेळीच पुसून घ्या. आणि जून-जुलैत २० अंशांच्या एसी खोलीतून आणलेला लॅपटॉप बाहेरच्या सोप्यावर लगेच उघडू नये. थंड भांड्याला सुटतो तसा त्यालाही आतून घाम सुटतो. अर्धा तास बॅगेतच राहू द्यावा.

पाचव्या नियमातला ‘मागाहून’ हा शब्द सर्वांत महाग पडतो. आजच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपांत ग्राफिक्स चिप मदरबोर्डवर झाळलेली असते, ती बदलता येत नाही. म्हणून ४ जीबी आरटीएक्स २०५० सोबतचा आय-सेव्हन की ६ जीबी आरटीएक्स ४०५० सोबतचा आय५-१२४५०एच, असा प्रश्न आला तर गेमिंगसाठी दुसराच घ्यावा. नव्या गेमांची टेक्श्चर्स (पृष्ठभागांची चित्रं) ४ जीबीत मावत नाहीत, मग चित्र दर काही सेकंदांनी अडखळतं आणि माणूस उगाच प्रोसेसरला शिव्या घालतो. ग्राफिक्स चिपचेही वॉट विचारा: लॅपटॉपमधला आरटीएक्स ४०५० हा ३५ पासून ११५ वॉटपर्यंत कितीही असू शकतो आणि नाव तेच राहतं. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर’ असं लिहिलेलं सापडतं.

फॉरवर्ड इथे अर्धवट खरा ठरतो तो व्हॅलरंटसारख्या हलक्या गेमांत. सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या, म्हणजे १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तिथे प्रोसेसर आधी दमतो. घरी असलेल्या लॅपटॉपचं दुखणं ओळखायचं असेल तर रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम वाढल्या तर ग्राफिक्स कमी पडतंय, तिथल्या तिथे राहिल्या तर प्रोसेसर. चाचणी चार्जर लावूनच करा, कारण बॅटरीवर गेमिंग लॅपटॉप मुद्दाम हात आखडता घेतात. पावसात वीज गेली की गेम लगेच रडतो तो त्यामुळेच.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपबद्दल मात्र या संदेशात चकार शब्द नाही, आणि रोजच्या वापरात जास्त दुखतं ते तिथेच. आतलं ग्राफिक्स मुख्य रॅमवर जगतं. डीडीआर४-३२०० रॅमची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी माहिती ये-जा करते, दोन असतील तर ५१.२. आय५-१२३५यू मध्ये तर एका पट्टीवर विंडोज ग्राफिक्सचं नावच ‘यूएचडी’ दाखवतं. दुसरी पट्टी बसवली की तीच चिप ‘आयरिस एक्सई’ होते. आय-सेव्हनसाठी जादा मोजायचे पैसे ८ जीबीच्या दुसऱ्या पट्टीत घातले तर जास्त कामी येतात. फक्त स्लॉट आहे ना ते बघा. ७५२०यू च्या लॅपटॉपांत रॅम झाळलेली असते, त्यामुळे तो ८ जीबीचा घेतला तर जन्मभर ८ जीबीचाच.

दुकानदार पेन ड्राइव्ह लावू देत नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा. सीपीयूखाली चिपचं पूर्ण नाव आणि कोर, मेमरीखाली ‘स्लॉट्स यूज्ड’. ते नाव शेवटच्या अक्षरासकट बिलावर लिहून घ्या. नुसतं ‘आय-फाइव्ह लॅपटॉप’ लिहिलेलं बिल परत करा आणि दुसरं मागा.