‘तुमचा विश्वास कमी पडला’ हे वाक्य आता बंद करा

सर्वांना जयख्रिस्त. पोस्ट लांब झाली आहे, पण ती अर्धवट वाचून भांडू नका, पूर्ण वाचून भांडा.

आमच्या तरुण संघात एका मुलानं सरळ प्रश्न टाकला: आजचा विश्वासणारा विश्वासाच्या बळावर चमत्कार करू शकतो का? नगर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या जुन्या मिशनच्या मंडळ्यांत हा प्रश्न पूर्वी फारसा कुणी विचारत नव्हतं. आता प्रत्येकाच्या मोबाईलवर चंगाई सभांचे, म्हणजे प्रार्थनेनं आजार बरे करण्याच्या सभांचे, व्हिडिओ येतात. कुबड्या फेकून चालणारी माणसं, कॅन्सर गेला म्हणून साक्ष देणाऱ्या बाया, मागं ढोलकी आणि कीबोर्ड. मुलं विचारणारच, आणि विचारावंच.

माझं उत्तर आधी सांगतो. देव आजही चमत्कार करतो, हे मी मनापासून मानतो. आजाऱ्यासाठी मी प्रार्थना करतो, ती नुसता धीर द्यायला करत नाही, तो बरा व्हावा म्हणून करतो. पण माणूस विश्वास वापरून चमत्कार ‘करतो’, हे मला शास्त्रात सापडत नाही. आणि चमत्कार झाला नाही की आजाऱ्याच्या विश्वासावर बोट ठेवायचं, हे तर येशूच्या शिकवणीच्या थेट विरुद्ध आहे.

हे एवढं तळमळीनं लिहितोय ते माझ्या आत्यामुळं. तिला बरीच वर्षं साखरेचा आजार. ती शेजारणींबरोबर एका मोठ्या सभेला गेली. तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, अंगातून गरम वाफ गेल्यासारखं वाटलं, तिनं स्टेजवर जाऊन साक्ष दिली. घरी आल्यावर फ्रिजच्या दारातली इन्सुलिनची पेनं काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली. देवानं बरं केलंय आणि मी सुई टोचत बसले तर तो अविश्वास होईल, असं ती म्हणाली. पायाला चपलेनं झालेली जखम चिघळली. ती आमच्यापासून लपवत राहिली. शेवटी अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं.

तिला बघायला त्याच सभेची माणसं आली. कॉटशेजारी उभं राहून एकानं सांगितलं, “आत्याबाई, कुठंतरी विश्वास कमी पडला.” ते गेले. त्यानंतर कितीतरी रात्री आत्या जागी. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, “नाही रे. माझ्या मनात शंका नेमकी कधी आली ते आठवतेय.”

बोटं गेल्याचं दुःख तिनं पचवलं. शंकेचं तिला अजून पचवता आलेलं नाही.

आता वचनाकडे येऊ, कारण मला वचन घेऊनच उत्तर दिलं जाईल. मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तर डोंगर हलेल, हे वचन सगळ्यांना पाठ आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, 17व्या अध्यायात ते कुणाला उद्देशून आहे, हे कुणी बघतं का? बापानं आजारी मुलाला शिष्यांकडे आणलं होतं, शिष्यांना त्याला बरं करता आलं नाही. अल्पविश्वासाबद्दल बोलणी बसली ती शिष्यांना. त्या मुलाला नाही, त्याच्या बापालाही नाही. म्हणजे हे वचन लावायचंच असेल तर ते स्टेजवर माईक धरून उभ्या असलेल्या माणसाला लागतं, कॉटवरच्या बाईला लागत नाही. आणि प्रभूनं माप म्हणून डोळ्यांना जेमतेम दिसेल असा दाणा निवडला. तेवढाही विश्वास नव्हता, असं म्हणायला माणसाच्या मनात शिरून बघितलं होतं का यांनी?

मार्काच्या 9व्या अध्यायात तोच बाप येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. एका दमात दोन्ही. मुलगा बरा झाला. योहानाच्या 5व्या अध्यायातला, 38 वर्षं आजारी असलेला बेथेस्दा तळ्याकाठचा माणूस घ्या. त्याला बरं कुणी केलं हेसुद्धा ठाऊक नव्हतं, मग विश्वास कुणावर ठेवला असणार? पुढं योहानाच्याच 9व्या अध्यायात जन्मांधाला बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. आत्याच्या कॉटशेजारचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी विचारून झालेला आहे आणि त्याचं उत्तरही मिळालेलं आहे.

कुणी येशूच्या स्वतःच्या गावाचं, नासरेथचं उदाहरण देतील, की तिथं लोकांच्या अविश्वासामुळं फारशी महत्कृत्यं झाली नाहीत. खरं आहे. पण तिथं गावानं त्याला झिडकारलं होतं. पाय धरून आलेल्या आजाऱ्याला ‘तुझा विश्वास पुरत नाही, घरी जा’ असं प्रभूनं म्हटल्याची एकही गोष्ट चारही शुभवर्तमानांत नाही.

मार्क 16 मधली चिन्हं, म्हणजे साप उचलणं, विष पिणं, आजाऱ्यांवर हात ठेवणं, यावर बरेच जण सगळी इमारत उभी करतात. त्यांनी एवढं जरूर जाणून घ्यावं की ग्रीक नव्या कराराच्या सर्वांत जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान त्या अध्यायाच्या 8व्या वचनापाशी थांबतं. पुढचा भाग टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण कुणाचं औषध बंद करण्याइतका भार त्यावर टाकू नका.

आणि प्रेषित पौल? त्याच्या हातून लोक बरे झाले, हे प्रेषितांच्या कृत्यांत आहे. तोच पौल आपल्या सोबत्याला, त्रफिमाला, मिलेत शहरात आजारी ठेवून पुढं जातो. तरुण सहकारी तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर हात ठेवून प्रार्थना करत नाही, थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहून कळवतो. स्वतःच्या देहातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी करतो आणि काटा जात नाही. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ एवढंच उत्तर मिळतं. पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे का? देवळाच्या दारातला पांगळा उठून चालू लागला तेव्हा येशूचा शिष्य पेत्र यानं लोकांना काय विचारलं? आम्ही आमच्याच सामर्थ्यानं हे केलं असं समजून आमच्याकडे काय बघता? आजच्या सभांची पोस्टरं बघा. प्रचारकाचा फोटो केवढा असतो आणि प्रभूचं नाव केवढ्या अक्षरांत असतं.

आपल्या मातीतलं उदाहरण सांगतो, कारण ते आपणच विसरलोय. पंडिता रमाबाईंचं केडगावचं, निराधार बायका-मुलींसाठीचं मुक्ती मिशन. 1905 साली तिथं आत्मिक जागृती झाली. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटची जगभर गाजलेली अशीच जागृती 1906 ची, म्हणजे दौंड तालुक्यातलं केडगाव तिच्याही आधी. मुली रात्र-रात्र प्रार्थना करत होत्या, पापांसाठी रडत होत्या. एका मुलीला अग्नीनं वेढलेलं बघून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, असं त्या काळी तिथं असलेल्यांनी लिहून ठेवलंय. चमत्कारावर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्यांना ही जागा पवित्र वाटते, मलाही वाटते.

पण त्याच रमाबाईंचं पुढचंही सांगा ना लोकांना. त्या 1883 साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांना डॉक्टर व्हायचं होतं. ऐकू कमी येत असल्यामुळं ते जमलं नाही. त्यांची एकुलती एक लेक मनोरमा, जिच्यावर मिशनचा पुढचा सगळा भरवसा होता, ती 1921 मध्ये, चाळिशीत, आईच्या हयातीतच गेली. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. दुष्काळातून शेकडो मुली उचलून आणणारी, हातात पैसा नसताना देवाच्या भरवशावर त्यांना जेवू घालणारी, मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणणारी बाई. लेकीसाठी तिनं प्रार्थना केली नसेल? तिच्या विश्वासात खोट काढणारा माणूस मला दाखवा.

अजून एक. मुक्तीत अंध मुलींसाठी घर होतं, त्याचं नाव बार्तिमी सदन. यरीहोच्या रस्त्यावर प्रभूनं ज्याला दृष्टी दिली त्या बार्तीमयावरून. त्या सदनात मनोरमाबाईंनी काय केलं? त्या अमेरिकेत अंधांना शिकवायची पद्धत शिकून आल्या होत्या. त्यांनी त्या मुलींना ब्रेल शिकवलं. जागृती ज्या आवारात झाली त्याच आवारात आंधळ्या मुलींची बोटं कागदावरच्या टिंबांवरून फिरत होती आणि त्या वाचत होत्या. याला कमी विश्वासाचं काम म्हणायचं का?

आपल्या कॅथलिक भावंडांकडे संतांच्या मध्यस्थीचा विचार आहे, आमच्याकडे नाही. बांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळं वाहणारी माणसं मी बघितलीत, त्यांत कितीतरी हिंदू असतात. त्यावर टीका करायची मला इच्छा नाही. उलट एका बाबतीत त्यांच्याकडून शिकावं असं वाटतं. फ्रान्समधल्या लुर्डला बरं झाल्याचे दावे हजारोंनी आले. तिथं डॉक्टरांची कचेरी आहे. ती आजार खरा होता का, सुधारणा एकाएकी झाली का, टिकली का, उपचारानं झाली नाही ना, हे वर्षानुवर्षं तपासते. एवढं करून चर्चनं चमत्कार म्हणून मान्य केलेले दाखले सत्तरच्या आसपास. ही छाननीसुद्धा वादातून सुटत नाही. मदर तेरेसांच्या नावावर चमत्कार म्हणून मान्य झालेल्या, बंगालमधल्या मोनिका बेसरा या बाईंच्या बरं होण्याच्या दाखल्यावर तिथल्या डॉक्टरांनी उघड आक्षेप घेतला होता, आजार औषधांनी गेला म्हणून. पण निदान विचारायची पद्धत तरी आहे. आमच्या सभांत संध्याकाळी प्रार्थना होते आणि रात्री साक्षीचा व्हिडिओ युट्यूबवर.

प्रार्थनेची शास्त्रीय परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेत हृदयाच्या बायपासच्या 1802 रुग्णांवरचा अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्यासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली त्यांच्यात काही फरक पडला नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत उलट थोडी जास्तच दिसली, 59 टक्के. माझे काही मित्र यावरून देवच नाही असं म्हणतात. मला ते पटत नाही. बाप काही गोळी नाही, की अमुक मिलिग्रॅम दिली की अमुक परिणाम. पण हाच मुद्दा चंगाईवाल्यांनाही लागू होतो. एवढा विश्वास ठेवलास तर एवढं मिळेल, असं सांगताना तेही देवाला गोळीच करत असतात.

आपल्या बापजाद्यांना हे कळत होतं. मिरजेला मिशनरी डॉ. वॉन्लेस आले ते बायबलबरोबर शस्त्रक्रियेची हत्यारं घेऊन आले. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 साली गेले आणि अक्षरओळखही नसलेल्या खेड्यातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाळंतपणात दगावणाऱ्या बाया आणि वर्षाच्या आत जाणारी लेकरं त्यांनी वाचवली. दोघांनाही 1979 साली मॅगसेसे मिळालं. वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीस यांना 1954 च्या अपघातानंतर कमरेखाली काही हलेना. त्या उठून चालल्या नाहीत. चाकाच्या खुर्चीत बसून त्यांनी कुष्ठरोग्यांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यांची साक्ष कुठल्या स्टेजवरून सांगितलेली मी ऐकली नाही.

हे सगळं उघड लिहू नकोस, असं मला दोन-तीन ज्येष्ठांनी सांगितलं. बाहेर आधीच ख्रिस्ती लोक चमत्काराच्या नावाखाली धर्मांतर करतात अशी ओरड चालते, त्यात तू तेल ओतू नकोस. त्यांची भीती मला कळते. प्रार्थनेला जमलेल्या साध्या गरीब माणसांना त्रास दिला जातो, हे मला माहीत आहे, आणि तो अन्यायच आहे. पण बाहेरच्यांच्या भीतीनं आतल्या आजाऱ्यांना वाऱ्यावर सोडायचं का? डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणं आणि लुबाडणं त्यात गुन्हा आहे. तो बुवाला लागतो तसाच पास्टरलाही लागतो. त्यात आपल्याला राग येण्यासारखं काय आहे? प्रार्थना करायला त्यानं कुणाला अडवलेलं नाही.

आमच्या मंडळीच्या पंचांना मी लेखी तीन गोष्टी मागितल्या आहेत. आजाऱ्यासाठी हात ठेवून, तेल लावून प्रार्थना जरूर व्हावी, याकोबाच्या पत्रात सांगितलंय तशी, वडील मंडळींनी घरी जाऊन. प्रार्थनेनंतर तिथंच मोठ्यानं सांगावं की डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही औषध बंद करू नये. आणि बरं झाल्याची साक्ष तपासणीचे कागद आल्यावर, काही महिने जाऊ देऊन मगच घ्यावी. पहिल्या दोन गोष्टी मान्य झाल्या आहेत. तिसरीवर चर्चा अडली आहे. साक्षीला कागद मागणं म्हणजे देवाची परीक्षा घेणं, असं काहींना वाटतं. मी त्यांना लूकाच्या 17व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी दाखवले. प्रभूनं त्यांना आधी याजकाकडे, म्हणजे यहुदी पुरोहिताकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं होतं, आणि बरा झाला की नाही हे तपासणं त्या काळी याजकाचंच काम होतं. पुढची बैठक येत्या रविवारी उपासनेनंतर आहे. आत्याही येणार आहे, तिला बोलायचं आहे.