दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर तत्त्वं कुठे बसवावीत?

ग्राफिक डिझाइनमध्ये करिअर करायचं आणि कलेशी इमानही राखायचं, असं मनात आलं असेल तर घरी लगेच बोलू नका. अप्लाइड आर्ट म्हणजे काय हे समजावण्यात चार वर्षं गेली आहेत. आता कुठे आईला शेजारी 'मुलगा कॉम्प्युटरवर असतो' असं सांगता यायला लागलंय. त्यात कशाला बिघाड करता?

इमान लोणच्यासारखं जपायचं असतं. बरणीत भरावं, दादरा बांधावा, माळ्यावर ठेवून द्यावं आणि पाहुणे आले की चवीपुरतं काढावं. पाहुणे म्हणजे तुमची मुलाखत घेणारे. त्यांच्यासमोर र. कृ. जोशींचं नाव घ्या, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा, हे सांगा. नाटकांच्या जाहिरातींतल्या कमल शेडग्यांच्या अक्षरांबद्दल बोलताना आवाज थोडा खाली आणा. 'अक्षर बोललं पाहिजे सर,' म्हणा. नोकरी लागेल. पहिल्याच दिवशी अगरबत्तीच्या पुड्यावर 'आता नवीन सुगंधात' असं लिहिलेला पिवळा तारा बसवायला देतील. तोही बोलतोच की.

नोकरी नको, स्वतःचं काही करायचंय? उत्तम. मी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या मागे एका पोटमाळ्यावर बसतो. खालच्या दुकानाची पाटी आहे, 'प्रिंटिंगवर डिझाइन फ्री'. वर भिंतीवर माझा डिप्लोमा. जिना चढताना दोन्ही एका नजरेत वाचता येतात, त्यामुळे दराची घासाघीस लवकर आटोपते.

शिकायचं असेल तर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर शिका. लेआउट, रंगसंगती, समाजशास्त्र, सगळं त्यात आहे. वरच्या पट्टीत दिवंगत आणि दिल्लीतले, दोघेही गोलात. मध्ये उत्सवमूर्ती भाऊ, पांढरा शर्ट, काळा गॉगल, कानाला मोबाइल. (वाढदिवसादिवशी एवढा कोणाचा फोन चालू असतो, हे मी कधी विचारलेलं नाही. तुम्हीही विचारू नका.) खाली शुभेच्छुक. गेल्या खेपेला 34 होते. प्रत्येकाने सारखी वर्गणी दिलेली, म्हणून डोकी सारखी हवीत. पण एकाचा फोटो लग्नातल्या घोळक्यातून कापलेला, दुसऱ्याचा आधार कार्डावरचा, तिसऱ्याचा व्हॉट्सअ‍ॅपवरून इतक्या हातांतून आलेला की त्याला ओळखायला त्याच्याच बायकोला फोन लावावा लागला. मी पट्टी लावून सगळी डोकी समान केली. रात्री अकराला एकाचा फोन. शेजारी जो बसवलाय त्याच्याशी बोलणं बंद आहे, मला पलीकडे घ्या. घेतला. आता पलीकडच्याला राग.

अशा वेळी कॉलेजात शिकलेली मोकळी जागा आठवते. ती एकदाच वापरून बघा. मी भाऊंच्या डाव्या खांद्याशेजारी दीड फूट सोडली होती, नजरेला जरा विसावा म्हणून. कार्यकर्त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. "दादा, छापणारा चौरस फुटाचे पैसे घेतो ना?" घेतो. "मग या रिकाम्याचे पण घेणार?" मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही. तिथे वाघ बसला.

काही जण हल्ली डिझाइन घेऊनच येतात. 'एआयवर केलंय, तुम्ही फक्त अक्षरं नीट करा.' त्यातली अक्षरं लांबून देवनागरी दिसतात, जवळून कुठल्याच लिपीत नसतात. पण माणसांनाही हसू नका. फोटोशॉपमध्ये एक सेटिंग राहिलं की वेलांटी एक घर पुढे सरकते आणि अख्ख्या चौकाला 'हार्दकि शुभेच्छा' मिळतात. गेल्या कित्येक वर्षांत त्या कोणी नाकारल्याचं ऐकिवात नाही.

हक्कांचंही पाठ असू द्या. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 57 आहे. हक्क लिहून दिल्यावरसुद्धा कोणी तुमची कलाकृती विद्रूप करून तुमच्या नावाला बाधा आणली तर दाद मागता येते. अमरनाथ सहगल यांनी मागितली. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं त्यांचं भित्तिशिल्प 1979 मध्ये उखडलं गेलं. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेसुरले तुकडे परत करायला सांगितले, वर पाच लाख रुपये भरपाई दिली. तेव्हा धीर धरा. तुमचा फ्लेक्स वाढदिवस उरकला की चारच दिवसांत रसवंतीच्या छपरावर पालथा पडतो. भाऊ आतून उसाकडे बघत असतात. तिथे कलम 57 लागू होतं का, हे मी वकिलाला विचारणार होतो, पण त्याची फी माझ्या फीपेक्षा जास्त निघाली.

पैशांचा विषय निघाला म्हणून सांगतो. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, असेल तर गिऱ्हाइकाला तुमचं बिल फार तर 45 दिवसांत चुकवावं लागतं, असा 2006 चा कायदा आहे. त्याची प्रत काढून भाऊंच्या ऑफिसात दिली होती. 'सेटिंग छान केलंय,' म्हणाले.

एवढं सगळं करूनही इमान उरलंच, तर ते र मध्ये ठेवा. मी ठेवतो. फ्लेक्सच्या तळाशी 'सर्व पदाधिकाऱ्यांतर्फे' असं असतं. बरेच जण तिथे 'पदाधिकार्यांतर्फे' छापतात, वर रफार देऊन मोकळे होतात. मला तो आडवा अर्धा र हवा असतो. परवा रात्री दीड वाजेपर्यंत बसून, जुन्या फॉन्टमध्ये तो नव्हता म्हणून हाताने काढला, 'य'ला हलकेच टेकवला. कोणाला दिसणार नव्हतं. दिसू नये अशीच सोय होती.

सकाळी सव्वासातला फोन वाजला.

"दादा, सगळं झकास झालंय. फक्त खाली त्या य ला काहीतरी कचरा चिकटलाय बघा, बारीक रेघ. तेवढी उडवा, मशीन चालू करून ठेवलंय."

गेल्या वर्षीच्या वाढदिवसाचं बिल अजून त्यांच्याकडेच आहे. मी माऊस हातात घेऊन म्हटलं, "भाऊ, बघतो."